डाउन पेमेंटचं तुमचं तुम्ही बघा

घर घेणाऱ्याच्या मदतीला आपल्याकडे सगळेच कंबर कसून उभे असतात. केंद्र सरकार व्याजात सवलत देतं. बँक रात्री साडेनऊला ‘तुमचं कर्ज मंजूर झालंय’ असा मेसेज पाठवते, न मागता. बिल्डर मॉड्युलर किचन फुकट देतो आणि गुढीपाडव्याला वर सोन्याचं नाणं. एकच प्रश्न विचारला की ही सगळी मंडळी खाली बघायला लागतात: डाउन पेमेंटचं काय?

कुठल्याही सेल्स ऑफिसात जाऊन बघा. एसी इतका गार की खरेदीदाराचं डोकं आपोआप थंड व्हावं. समोर काचेच्या पेटीत प्रकल्पाचं मॉडेल, त्यात प्लास्टिकची झाडं आणि स्विमिंग पुलाच्या कडेला उभी दोन इंचांची माणसं. बिचारी तीच काय ती बिनकर्जाची. टाय लावलेला मुलगा म्हणतो, “सर, तुम्ही फक्त टोकन द्या, बाकी बँक बघेल.” मग तो कॉस्ट शीट पुढे सरकवतो आणि त्यावरचा पहिलाच आकडा बोटाने दाखवतो. खालचे सहा-सात आकडे त्याच्या तळहाताखाली असतात. तो तळहात जरा बाजूला करायला सांगू.

पुण्याच्या हद्दीतला साठ लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट धरा. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात बँकेला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर जाता येत नाही, तसा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. म्हणजे कर्ज अठ्ठेचाळीस लाख आणि तुमचे बारा. इथवर हिशेब सगळ्यांना पाठ असतो. पुढचं ऐका. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख. नोंदणीचे ३० हजार. झाले साडेसात लाख. सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स आणि वकिलाची फी मी धरलेलीच नाही. शिवाय मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च कर्ज ठरवताना घराच्या किमतीत धरायचा नाही, असाही नियम आहे. दहा लाखांपर्यंतच्या घराला तेवढी सूट आहे. पुण्यात दहा लाखांत काय मिळतं ते पुणेकरांनी सांगावं, मी वाद घालत नाही.

तर बारा आणि साडेसात मिळून साडेएकोणीस लाख, तेही बरेचसे आधी रोख. पहिला चेक सोडण्यापूर्वी बँक ओसीआर मागते, म्हणजे तुमचा हिस्सा बिल्डरकडे भरल्याची पावती. ती फाइलला लागल्याशिवाय ‘बाकी बघणारी’ बँक डोळे उघडत नाही.

आता सरकारी मदतीकडे वळू. प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग २०१५ साली आला. त्यातल्या व्याज अनुदानाने बऱ्याच जणांचं भलं झालं, हे कबूल करायलाच हवं. गरीब आणि अल्प उत्पन्न गटाला सहा लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के सवलत होती, आणि सगळं मिळून २ लाख ६७ हजारांपर्यंतची रक्कम एकदम कर्जखात्यात जमा व्हायची. ती योजना २०२२च्या मार्चमध्ये संपली. मध्यमवर्गाची तर वर्षभर आधीच संपली होती. मग १ सप्टेंबर २०२४ पासून ‘आवास २.०’ आली.

या २.० ची गणितं ज्या कुणी बसवली, त्याला एकदा घर शोधायला पाठवायला हवं. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला नऊ लाखांच्या आत हवं. घर पस्तीस लाखांच्या आत हवं. कर्ज पंचवीस लाखांच्या आत हवं. आता पस्तिसातून पंचवीस वजा करा. पस्तीस लाखांच्या घराला बँक एरवी तीस लाखांपर्यंत द्यायला तयार होईल, पण तेवढं घेतलंत की अनुदान गेलं. म्हणजे अनुदान हवं असेल तर खिशात दहा लाख असले पाहिजेत, आणि ते असणारा माणूस गरजू असला पाहिजे. असा गरजू सापडला तर त्याचा सत्कार करावा.

मिळतं काय? पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, बारा वर्षांच्या हिशेबाने. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे वर्षाला ३६ हजार. प्रत्येक हप्त्याच्या वेळी कर्ज चालू हवं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी हवं. एखाद्याने पोटाला चिमटा काढून कर्ज भराभर फेडलं, तर पुढचे हप्ते बंद. कर्जबाजारीपणात सातत्य ठेवा, असा सरकारी सल्ला समजा.

आणि याच पस्तीस लाखांच्या घरावर सरकारच्या तिजोरीत काय जातं? ७ टक्क्यांनी मुद्रांक २ लाख ४५ हजार, नोंदणी ३० हजार, परवडणाऱ्या घराचा १ टक्का जीएसटी ३५ हजार. एकूण ३ लाख १० हजार. मुद्रांक राज्याचं आणि अनुदान केंद्राचं, त्यामुळे दोघांची कागदपत्रं वेगळी आहेत, हे मान्य. खिसा मात्र एकच आहे. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर आपल्या राज्यात मुद्रांक एक टक्क्याने कमी होतं. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. बरेच नवरे तेवढ्यासाठी ३५ हजार सोडतात.

बिल्डर मंडळींनी या पैशाच्या ओढाताणीवर एक तोडगा काढला होता. ‘वीस-ऐंशी’ नावाचा. तुम्ही वीस टक्के द्या, बाकीचे ऐंशी बँक आजच बिल्डरला देईल, ताबा मिळेपर्यंत हप्ता बिल्डर भरेल. बिल्डरने हप्ते भरायचं थांबवलं की बँकेचा फोन तुम्हाला, कारण कर्ज तुमच्या नावावर. रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना कान धरून सांगितलं की बांधकाम जेवढं, तेवढाच पैसा सोडा. गृहवित्त कंपन्यांना तसा दम २०१९ साली मिळाला. तरी रस्त्यावरचे फलक निरखून वाचा. ‘आता काही भरू नका’ असं कुठे ना कुठे दिसेलच, आणि त्याच्या शेजारी एक छोटा तारा.

मग म्हाडा आहे. २०२३ च्या मुंबईच्या सोडतीत ४,०८२ घरं होती आणि अर्जदार लाखाच्या पुढे. त्यातलं ताडदेवच्या क्रेसेंट टॉवरमधलं साडेसात कोटींच्या घरातलं घर एका आमदारांना लागलं. त्यांनी ते परत केलं. प्रतीक्षायादीत तेव्हाचे केंद्रीय अर्थराज्यमंत्री होते, त्यांनीही ते नको म्हटलं. देशाच्या तिजोरीशी रोज संबंध येणाऱ्या माणसाला जे जमलं नाही, ते बँकेतल्या कॅशिअरला जमावं अशी आपली अपेक्षा असते.

सातासमुद्रापार डाउन पेमेंटला खरंच मदत देतात, असं अमेरिकेतले नातेवाईक सांगतात. देतात. कॅलिफोर्निया राज्याने २०२३ च्या मार्चमध्ये ‘ड्रीम फॉर ऑल’ काढली. पहिलं घर घेणाऱ्याला किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंत रक्कम राज्य देणार, हप्ता नाही. घर विकताना मूळ रक्कम परत करायची आणि वाढलेल्या किमतीतला वाटा द्यायचा. तीस कोटी डॉलरच्या आसपासचा निधी होता. अकरा दिवसांत खलास. पुढच्या वर्षी तिथल्या हुशार लोकांनी यावर खूप विचार केला आणि सोडत काढली. म्हाडाने मार्गदर्शन फी मागायला हरकत नाही.

त्या दुसऱ्या वेळच्या अटींतली एक मला फार आवडली. खरेदीदारांपैकी निदान एकाच्या आई-वडिलांच्या नावावर अमेरिकेत सध्या घर नसावं. ज्याला घरच्यांकडून काही मिळण्यासारखं नाही, त्याला आधी द्यायचं, असा हिशेब. आपल्याकडची अलिखित अट नेमकी उलटी आहे.

कारण आपल्याकडची एकमेव चालू असलेली डाउन पेमेंट योजना म्हणजे आई-बाबा. निधी: बाबांची ग्रॅच्युइटी, मुदतीआधी मोडलेली एफडी, आईच्या पाटल्या, आणि गावाकडच्या जमिनीतला काकांनी अजून न दिलेला हिस्सा. प्रक्रिया: रविवारी जेवणानंतर.

“बाबा, ती एफडी कधी मॅच्युअर होतेय?”

“कुठली?”

“ती... मोठी.”

बाबा पेपर खाली ठेवतात. आतून आई म्हणते, “माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची का?” आणि लगेच स्वतःच म्हणते, “राहू दे, अजून चालतंय की.” अर्ज मंजूर. उत्पन्नाचा दाखला नाही, सोडत नाही, पाच हप्ते नाहीत. वडिलांनी मुलाला दिलेल्या पैशावर आयकर लागत नाही. सरकारची डाउन पेमेंटला झालेली मदत म्हणायची तर ही, शिवाय घरासाठी पीएफमधून आपलेच पैसे काढायची मुभा.

ज्याच्या बाबांकडे एफडी नाही, तो पर्सनल लोन काढतो. ते गृहकर्जापेक्षा कितीतरी महाग असतं, आणि दोन हप्ते एकदम सुरू झाले की तो माणूस वर्षभर लग्नाला जायचं टाळतो, आहेर नको म्हणून. किंवा तो भाड्याच्या घरातच राहतो आणि दर अकरा महिन्यांनी वाढलेलं भाडं भरताना ऐकून घेतो, “एवढ्यात तर हप्ता गेला असता!” हप्ता गेलाच असता. साडेएकोणीस लाख कुठून गेले असते, ते सांगणारा अजून भेटायचा आहे.

मंत्रिमहोदय, नवी योजना नको, नवं नाव नको, फलकावर नवा फोटोही नको. अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत देणं सरकारला सोयीचं वाटतं ना? मग पहिल्या घराचं मुद्रांक शुल्कही पाच वार्षिक हप्त्यांत घ्या. व्याज लावलंत तरी चालेल.