जोकोविचला कोर्ट, आमच्या भाऊजींना पंप

अहो वहिनी, या ना जरा भिंतीजवळ. दळण कुठे पळून जातंय? ऐकलंत का, त्या टेनिसवाल्या जोकोविचला म्हणे मेलबर्नच्या हॉटेलात जेवणातून काहीतरी घातलं होतं! मी नाही हो म्हणत, तो स्वतःच म्हणाला, 2025 च्या जानेवारीत, एका मासिकाला. घरी गेल्यावर तपासण्या केल्या तर अंगात शिसं काय आणि पारा काय, असं सापडलं म्हणे. पुरावा काही त्यानं दाखवला नाही. पण आमच्या भाऊजींना पुरावा लागतो कुठे? चहाचा कप तसाच ठेवला, अन् सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा! मी तेव्हाच म्हणत होतो!" आता हे तेव्हा काय म्हणत होते ते मला चांगलं ठाऊक आहे. येते त्याच्यावर.

आधी त्या जोकोविचचं. सगळं तुम्हाला माहीतच आहे म्हणा. गडी नऊ वेळा ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलेला. फोटो टाकला, मला लस न घेता यायची सूट मिळालीय म्हणून, आणि 5 जानेवारी 2022 ला रात्री उतरला. विमानतळावर रात्रभर प्रश्नोत्तरं, सकाळी व्हिसा रद्द! मग नेलं कुठे, तर जिथे निर्वासितांना वर्षानुवर्षं डांबून ठेवलं होतं त्या हॉटेलात. तिकडे बेलग्रेडला त्याचे वडील पोराची तुलना थेट येशू ख्रिस्ताशी करून मोकळे. आई-बापाचं काळीज, काय बोलणार... पण म्हणून काय येशू?

आणि मजा पुढे आहे. सूट मागितली ती कशावर, तर 16 डिसेंबरला मला कोविड झाला होता म्हणून. बरं बाबा, झाला. मग लोकांनी फोटो काढले उकरून. 17 तारखेला हा लेकरांना बक्षिसं वाटतोय, तोंडाला मास्क नाही! म्हणे रिपोर्ट मला नंतर कळला. चला, मानलं. पण 18 तारखेला पेपरवाल्याला मुलाखत दिली, तेव्हा तर कळलं होतं ना? ते त्यानं कबूलही केलं. आणि फॉर्मवर "गेल्या चौदा दिवसांत प्रवास नाही" असं लिहिलेलं, म्हणे एजंटनं चुकून खूण केली. बाई बाई! आपल्याकडे रेशन कार्डावर एक नाव चुकलं तर तलाठ्यापासून तहसीलपर्यंत चकरा, अन् यांचे फॉर्म एजंट भरतात.

मग जानेवारीच्या 10 तारखेला न्यायाधीश म्हणाले, याला बोलायला पुरता वेळच दिला नाही, सोडा. 14 ला मंत्र्यानं पुन्हा व्हिसा उडवला. मग 16 ला, रविवार असून, तीन न्यायाधीश बसले, मंत्र्याचं बरोबर म्हणाले, आणि त्याच रात्री गडी दुबईच्या विमानात. स्पर्धा दुसऱ्या दिवशी सुरू. ती नदालनं मारली, दोन सेट हरून वर आला, समोरच्या मेदवेदेवचा चेहरा अजून आठवतो मला.

तर काय सांगत होते... हां, भाऊजी. याच्या दोनच महिने आधीची गोष्ट. नोव्हेंबर 2021. आपला जिल्हा लसीत पार मागे, राज्यात 36 मध्ये 26 वा. राज्यात शंभरातल्या 74 जणांनी घेतलेली, आपल्याकडे 55. मग कलेक्टर सुनील चव्हाण साहेबांचा आदेश निघाला. एक तरी डोस घेतलेला दाखवा, तरच पेट्रोल, तरच गॅस, तरच रेशन. आणि लेणी बघायची तरी तेच, अजिंठा असो की वेरूळ. आता विचार करा, आपलं फर्दापूर काय शेतीवर जगतं? टी पॉइंटला गाड्या थांबतात, पर्यटक उतरतो, लेण्यांच्या बसची वाट बघता बघता दोन स्फटिकाचे दगड घेतो, चहा पितो, त्यावर चुली पेटतात. मार्च 2020 ला लेणी बंद झाली तेव्हा त्या कोपऱ्यावरच्या काकूंनी दगडांवरची धूळ पुसून पुसून दिवस काढले. त्या म्हणाल्या, "लस काय, पर्यटक येणार असतील तर मी चार घेते!" पहिल्या रांगेत त्याच. आणि आमचे भाऊजी? पारावर बसून सांगायचे, सुई घेतलेला माणूस दोन वर्षांत जातो. कुणी सांगितलं? मोबाइलवर आलं.

मग एक दिवस निघाले जळगावला. गाडी पंपावर. पोरगं म्हणालं, सर्टिफिकेट दाखवा. हे म्हणाले, विसरलं घरी. पोरगं म्हणालं, मोबाइलवर दाखवा. मागे रांग लागलेली, हॉर्न वाजतायत, आणि रांगेत कोण, तर यांच्याच पारावरची मंडळी, सगळ्यांच्या हातात सर्टिफिकेट! मोठ्या गर्जनेनं नाही नाही म्हणणाऱ्यांनी गुपचूप घेऊन ठेवली होती हो! भाऊजींचा चेहरा... पावसात भिजलेल्या पापडासारखा. गाडी ढकलत परत आले. संध्याकाळी आरोग्य केंद्रात. नर्सताईंनी विचारलं, कोणता हात? हे म्हणाले, "कोणताही, पण पेट्रोल कधी मिळेल?"

हसू नका, थांबा. मला तेव्हा हसू आलं, पण राग पण आला होता. कारण सहा महिने मागे जा. 1 मे 2021 ला अठरा वर्षांपुढच्यांना लस उघडली. आमची लेकरं रात्री मोबाइल घेऊन स्लॉट शोधायची. टीव्हीवर मात्र अजिंक्य रहाणे 8 मे ला लस घेतल्याचं सांगतोय. चांगला पोरगा आहे, त्याच्यावर राग नाही, त्याला इंग्लंडला जायचं होतं. क्रिकेट बोर्डानं म्हणे पोरांना सांगितलेलं, कोविशील्डच घ्या, दुसरा डोस तिकडे इंग्लंडात मिळतो. अहो, ती कोविशील्ड आपल्याच पुण्याची! आणि 12 मे ला सरकारनं जाहीर केलं, अठरा ते चव्वेचाळीसचं थांबवतो, साठा नाही. म्हणजे मे महिन्यात लस नाही, अन् नोव्हेंबरात घेतली नाही म्हणून रेशन नाही. हे कुठलं गणित?

भाऊजींना हे सांगितलं तर ते लगेच खूश, "म्हणजे तू माझ्या बाजूची!" मी म्हटलं, मुळीच नाही. मी दोन्ही डोस घेतले, सासूबाईंना हात धरून नेलं. दुसऱ्या लाटेत आपल्या आळीतून कोण कोण गेलं ते... नको आता ते.

तर काय सांगत होते, ते अमेरिकेतलं ऐकलंत का? तो बास्केटबॉलवाला, कायरी अर्विंग. न्यूयॉर्कचा तेव्हाचा नियम, शहरात नोकरी करायची तर लस हवी. यानं नाही घेतली. मग घरच्या मैदानावर खेळायला बंदी. पण बाहेरगावच्या संघातला लस न घेतलेला खेळाडू तिथे येऊन खेळू शकत होता! आणखी ऐका. 13 मार्च 2022 ला हा स्वतः तिकीटवाल्यांसारखा खुर्चीवर बसून आपल्याच संघाचा सामना बघत होता. प्रेक्षक म्हणून चालतो, खेळाडू म्हणून नाही! मध्येच कपडे बदलायच्या खोलीत गेला, तर संघाला 50,000 डॉलर दंड. सगळं जग हसलं. मग 24 मार्चला महापौरांनी काय केलं, तर खेळाडू आणि कलाकारांना सूट. आणि त्याच्याच आदल्या महिन्यात लस घेतली नाही म्हणून पालिकेच्या 1,430 माणसांना घरी बसवलं होतं. त्यांना सूट? छे! पुढच्या वर्षी नियम उठला तेव्हाही, नव्यानं अर्ज करा म्हणाले.

हेही भाऊजींना सांगितलं, तर ते गप्प झाले, वहिनी. खरंच गप्प.

जोकोविचचं एक मात्र मानते मी. त्यानं खोटं सर्टिफिकेट नाही काढलं. सरळ म्हणाला घेत नाही, आणि 2022 ची यूएस ओपन सोडली, 2023 मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या स्पर्धा सोडल्या. ऑस्ट्रेलियानं तीन वर्षांची बंदी उठवली, तर 2023 ला परत जाऊन जिंकलाही. परवडतं हो त्याला. त्याचा हट्ट त्याच्या बक्षिसाच्या पैशावर बेतला, आपल्याकडच्या माणसाचा हट्ट लेकरांच्या गव्हावर.

आपलं सुप्रीम कोर्ट 2 मे 2022 ला बोललं, कुणाला जबरदस्तीनं लस देता येणार नाही, आणि न घेतलेल्यांवर तेव्हा घातलेले निर्बंध योग्य नाहीत. पण तोवर गुढीपाडव्याला महाराष्ट्रातले निर्बंध उठून महिना झालेला. भाऊजींचा दुसरा डोस पण होऊन गेलेला.

माझं विचाराल तर लस बरोबर होती, आणि भाऊजी चूक होते, हे मी त्यांच्या तोंडावर सांगते. पण पेट्रोल अडवलं इथवर ठीक, रेशन अडवायला नको होतं. त्यापेक्षा एक नर्सताई पारावर पाठवली असती तर पहिल्याच दिवशी निम्मी मंडळी बाह्या वर करून बसली असती. सगळ्यांनी घेतलीच होती की लपूनछपून!