झीलकऱ्याची जागा

लोकसंगीतात आता कृत्रिम बुद्धिमत्ता साथीला बसणार, अशा गप्पा जिकडेतिकडे चालल्या आहेत. यंत्र धून रचेल, ठेकाही धरेल. पण साथीदाराची जागा त्याला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या बाबतीतला एक प्रामाणिक प्रयोग आयर्लंडच्या संगीतावर झाला. बॉब स्टर्म आणि ओडेड बेन-ताल हे संशोधक त्यात पुढे होते. हौशी वादकांनी वर्षानुवर्षं इंटरनेटवर लिहून ठेवलेल्या २३ हजारांवर धुना 'फोक-आरएनएन' या प्रणालीला शिकवल्या गेल्या. लिपी साधी, एबीसी नावाची: स्वरांना अक्षरं, लांबीला आकडे. तेवढ्यावर ती नव्या धुना लिहू लागली. जिग या नाचाच्या धुनेचे आठ-आठ बारचे दोन भाग आणि ते कुठे येऊन टेकायचे, हे तिला पुष्कळदा नेमकं जमतं. २०१८ साली कसलेल्या वादकांनी तिच्या काही धुना पारंपरिक धुनांसोबत वाजवून आल्बमही काढला.

त्यात कुणी काय केलं ते बघा. यंत्राने लिहिलेल्या ढिगातून धुना निवडल्या माणसांनी. खटकणारे स्वर बदलले माणसांनी. फिडलच्या गजाचा झोका, बासरीवरची हरकत, तालात किंचित मागेपुढे होणं, हे त्या अक्षरांत नव्हतंच. ते वाजवणाऱ्यांच्या हातातून आलं. यंत्राने धून पुरवली, साथ माणसांनी एकमेकांना केली.

पॅरिसच्या इर्कॅम संस्थेची ओमॅक्स प्रणाली याच्या पुढे जाते. ती वादकाला ऐकते आणि त्याचेच तुकडे नव्याने जुळवून त्याच्यासोबत वाजवते. कौतुक करावं तेवढं थोडंच. तरीही ती ऐकते तो फक्त आवाज. पोवाड्यात काय होतं? शाहीर चढा सूर लावतो, ओळ अर्ध्यावर तोडतो, डफावर थाप मारतो आणि समोर कुणाचे डोळे भरलेले दिसले की गद्यात शिरतो. मागे उभं राहून सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांना ते त्याच्या श्वासावरून कळतं, ते आपोआप थांबतात. त्याचा गळा बसतोय असं वाटलं की 'जी जी रं जी' जरा लांबवतात, तेवढ्यात तो पाण्याचा घोट घेतो. लावणीत ढोलकीवाल्याची नजर पायांवर असते. नाचणारी दमली की तो तोडा आवरता घेतो, दाद आली की पुन्हा वर चढवतो. हे सगळं एकत्र वर्षं काढल्यावर येतं, रात्र-रात्र जागून येतं.

मला धास्ती आहे ती आयोजकांच्या हिशेबाची. ढोलकी, हलगी, पेटी, तुणतुणं अशी चार माणसं आणायची म्हणजे गाडीभाडं आलं, जेवण आलं, बिदागी आली. आजच लावणीचे कितीतरी कार्यक्रम ध्वनिमुद्रित ट्रॅकवर होतात. उद्या याच ट्रॅकला 'एआय साथीदार' हे भारदस्त नाव मिळालं, की चार माणसांचं पोट मारणं ही प्रगती म्हणून मिरवली जाईल. आणि ते यंत्र शिकणार कशावर? याच माणसांच्या ध्वनिमुद्रणांवर, बहुतेक वेळा त्यांना न विचारता आणि एक पैसा न देता. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना बिदागीसाठी ताटकळावं लागलं, त्यांच्याच कलेवर त्यांना पर्याय उभा करायचा, हा उघड अन्याय आहे.

रियाजाला यंत्र घ्या, नवी चाल शोधायला घ्या, माझी ना नाही. ज्यांच्या ध्वनिमुद्रणांवर ते शिकतं, त्यांची परवानगी घ्या, त्यांना मोबदला द्या. आणि जत्रा-महोत्सवांच्या आयोजकांनो, यंदा जाहिरातीवर शाहिराच्या नावाखाली झीलकऱ्यांची आणि ढोलकीवाल्याचीही नावं छापा. त्यांची बिदागी कार्यक्रमाच्या रात्रीच त्यांच्या हातात द्या.