परसातल्या झाडांची निगा : चाकरमान्यांसाठी प्राथमिक धडे

पात्रता

मालवण, आचरा, वायरी, देवबाग या पट्ट्यात आजोबांचं घर आणि घरामागची पाच-सहा जुनी झाडं वारशाने मिळालेली असावीत. ती वर्षातून दोनदाच, मे महिन्यात आणि गणपतीत, पाहण्याची सवय असावी. फळ लटकत असेल तरच झाड ओळखता येतं, एवढं ज्ञान पुरेसं आहे. त्याहून जास्त येत असेल तर ही पुस्तिका आपल्यासाठी नाही.

ऑनलाइन मागवलेला बॅटरीवरचा फवारणी पंप आणला असेल तर तो मुलांकडे द्या. मे महिन्यात एकमेकांवर पाणी उडवायला तो उत्तम आहे.

धडा पहिला : झाड कोणाचं?

शहाण्या देशांत झाडावरचा उपचार रोग ओळखण्यापासून सुरू होतो. आपल्याकडे तो सातबारापासून सुरू होतो. घरामागचं कलम आजोबांनी लावलं, पण जमीन सामाईक. माड धाकट्या काकांच्या वाट्याला, पण तो उभा आहे थोरल्यांच्या गडग्याआत. सुकलेल्या फांदीला हात लावायचा तर डोंबिवली, परळ आणि बडोदा इथल्या तीन घरांना फोन करावा लागतो, आणि बडोद्याचे भाऊ २०११ पासून बोलत नाहीत.

अख्खं झाडच तोडायचा विचार मनात आला असेल तर तो लगेच सोडा. आंबा आणि फणस हे दोन्ही १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. परवानगीसाठी शहरात नगरपालिकेचा आणि गावात वनखात्याचा उंबरा झिजवावा लागतो. कोकणातली कित्येक जुनी झाडं आज उभी आहेत ती कायदा आणि भाऊबंदकी यांच्या संयुक्त कृपेने, असं माझं स्पष्ट मत आहे.

या वादात सगळ्यात सुखी असतं बांडगूळ. फुलटोचा त्याची फळं खातो, चिकट बी काही केल्या सुटत नाही म्हणून फांदीवर घासतो, आणि ते तिथेच रुजतं. मग ते फांदीत मूळ खुपसून पाणी आणि क्षार ओढत राहतं. पण अन्न शिजवतं स्वतःच्या हिरव्या पानांत, म्हणजे निम्मा शिधा तरी घरचा. मुंबईहून येऊन आंब्याच्या पेट्या तेवढ्या नेणाऱ्या हिस्सेदाराबद्दल इतकंही म्हणता येत नाही. बांडगूळ नुसतं ओरबाडून काढलं तर पुन्हा फुटतं. ज्या फांदीवर गाठ आहे ती फांदी गाठीच्या खालून छाटायची, आणि त्याला फळं धरायच्या आत. संमतीपत्रं गोळा होईपर्यंत फळं धरतात, पिकतात आणि फुलटोचा जेवून जातो.

धडा दुसरा : माड

माडाकडे पाहायचं ते वर, शेंड्याकडे. नव्या चुडतांची पाती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसली तर कोणी नक्षी केलेली नाही. गेंड्या भुंगा कोंबात शिरून न उमललेलं चुडत खाऊन गेला आहे, आणि ते उमलल्यावर त्याची कारागिरी आपल्याला दिसते आहे. हा भुंगा माडावर फक्त जेवायला येतो. त्याची पोरंबाळं शेणखताच्या खड्ड्यात, कुजक्या पाचोळ्यात आणि सडक्या खोडांत वाढतात. उपाय साधा आहे. तारेच्या हुकाने भुंगा बाहेर ओढायचा, शेंड्याजवळच्या चुडतांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड भरायची, आणि खड्ड्यातलं शेणखत वेळेवर उपसायचं किंवा त्यात मेटॅरायझियम ही अळ्यांना मारणारी हिरवी बुरशी मिसळायची. अडचण एवढीच की खड्डा गडग्यापलीकडे, न बोलणाऱ्या भावाच्या जागेत असतो. भुंग्याला तिथून इथे यायला कोणाची संमती लागत नाही.

गेंड्याने पाडलेल्या जखमेतून मग सोंड्या भुंगा येतो, आणि तो जास्त वाईट. त्याच्या अळ्या खोडाच्या आतच जगतात, बाहेर तपकिरी रस पाझरतो, आणि खोडाला कान लावला तर कुरतडण्याचा आवाज येतो. खोडाला कान लावलेल्या चाकरमान्याला पाहून वाडीतली पोरं हसतील. हसू द्या, ही पद्धत खरी आहे. शेंडा कलल्यावर कान लावून मात्र काही उपयोग होणार नाही. चढायला सोपं जावं म्हणून खोडाला कोयत्याने खाचा पाडण्याची प्रथाही या भुंग्याच्या सोयीचीच आहे.

धडा तिसरा : कलम, आणि केरसुणी

आता मुख्य विषय. घरामागच्या हापूसला भिरूड लागते. लांब मिशांचा एक मोठा भुंगेरा रात्री सालीच्या भेगेत अंडी घालतो. अळी साल पोखरून आत शिरते आणि कित्येक महिने लाकूड खात बसते. वरून झाड ठणठणीत दिसतं. पालवी येते, मोहोर येतो, आपण खाली उभं राहून सेल्फी काढतो. मग एके वर्षी एक फांदी पिवळी पडते, दुसरी सुकते, आणि घरात चर्चा सुरू होते की कोणाची तरी दृष्ट लागली.

या किडीची एकच खूण लवकर दिसते. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडतो. चिमूटभर, ताजा, कधी ओलसर. तो टिपायचं यंत्र म्हणजे हिरांची केरसुणी आणि रोज सकाळी ती चालवणारं माणूस. शेजारची काकी परस झाडते, काल नव्हता तो भुसा आज तिला दिसतो, आणि ती वर बघते. कीटकशास्त्राने यापुढे फारशी प्रगती केलेली नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून कोणी तज्ज्ञ आला तरी तो आधी बुंध्याशी वाकूनच बघेल. भुसा दिसला की वरचं छिद्र शोधायचं, तार घालून अळी बाहेर काढायची, छिद्रात रॉकेलचा किंवा औषधाचा बोळा सारायचा आणि शेणमातीने तोंड लिंपायचं. कामाला एक सकाळ लागते. पण दहा महिने घराला कुलूप असेल तर भुसा वाऱ्याने उडतो, पावसाने वाहतो, आणि जूनमधली चिमूट पुढच्या मे महिन्यात वाळलेली फांदी होऊन समोर येते. मग मुंबईहून आणलेल्या महागड्या बाटल्या पाहून काकी म्हणते, "झिला, औषध मागीर घाल. आदी हो भुसो खयसून इलो ता बघ."

झाड कराराने दिलं असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. मोहोर हमखास यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बाजारातलं कल्टार, मुळांशी देतात. मात्रा झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला मीटरमागे ३ मिली, आणि तीही जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य या काळात. करार संपत आलेल्याला ही मात्रा नेहमीच कमी वाटते. झाड तुमचं, मोहोर त्याचा. फुटवे आखूड आणि गुच्छासारखे येऊ लागले की मात्रा कोणाच्या हिशेबाने पडली ते समजा.

धडा चौथा : मोरचूद

पोफळीचा कोळेरोग असो की छाटलेल्या फांदीची जखम, जुन्यांचं उत्तर एकच : बोर्डो. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, लोखंडी भांडं वापरायचं नाही, आणि शेवटी कोयत्याचं पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. याचा शोध फ्रान्समधल्या बोर्डो भागात लागला. रस्त्याकडेची द्राक्षं वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून तिथले बागाईतदार वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेलींवर केवडा पडत नाही हे मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं आणि १८८५ मध्ये त्याने ते जगाला सांगितलं. निळं झाड पाहून आपल्याकडचा आंबाचोर मागे फिरेल असं मात्र समजू नका.

बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारायची हौस असेल तर मारा. हमरस्त्यावरच्या वडांना ते रात्रीच्या गाड्यांसाठी मारतात. तुमच्या परसात गाडी कुठून येणार?

धडा पाचवा : जेसीबी

परसात पेव्हर ब्लॉक बसवण्याआधी हा धडा वाचावा. सहसा नंतर वाचतात. कातळावर माती थोडी, म्हणून मुळं खाली न जाता आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे. नवा गडगा घालताना जेसीबी एका बाजूची मुळं तोडून नेतो आणि कंत्राटदार म्हणतो, "काय नाय होवचा." खरंच काही होत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं, तसं वादळ येईपर्यंत झाड उभंच असतं. वारा आला की ते कुठल्या बाजूला पडणार, हे जेसीबीने आधीच ठरवलेलं असतं. बहुतेक वेळा घराच्या.

स्वाध्याय

१. शेजारच्या काकी आणि ऑनलाइन पंप यांच्या कार्यक्षमतेची तुलना करा. किंमत विचारात घेऊ नका, काकींना आपण काहीच देत नाही.

२. माडाखाली गाडी लावण्याची योग्य जागा आकृती काढून दाखवा.

३. एका सामाईक कलमाला भिरूड लागली आहे. हिस्सेदार ७. त्यांपैकी ४ मुंबईत, १ बडोद्यात, १ दुबईत आणि १ गावात. गावातला म्हणतो, "मी कित्याक काढू? आंबे सगळे खातत." सातही जणांची संमती मिळेपर्यंत अळीचा भुंगेरा होऊन तो दुसऱ्या कलमावर गेला. ते दुसरं कलम कोणाच्या वाट्याचं, हे ठरवण्यासाठी बैठक केव्हा घ्यावी? (गणपतीत नको, तेव्हा सगळे आरतीत असतात.)