चौथ्या सीटचे न्यायमूर्ती

रेल्वे पास विकते, जागा विकत नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, १९२५ साली व्हीटी-कुर्ला मार्गावर विजेची गाडी आली, पुढे नऊ डब्यांचे बारा झाले, बाराचे पंधरा झाले. पण त्या डब्यांत बसायचं कुणी, हा प्रश्न रेल्वेने प्रवाशांच्याच गळ्यात घातला. तिघांच्या बाकावर चौथा बसतो, तो कुठल्याही नियमाने नाही. हा चौथा अर्धा बाकावर आणि अर्धा अधांतरी असतो, पण त्या अर्ध्या जागेवरूनही रोज तंटे होतात. मग निवाडा करायला कुणीतरी लागतंच. बदलापूरहून सकाळी सुटणाऱ्या फास्ट लोकलमध्ये असा एक गृहस्थ हमखास भेटतो. त्याचं नाव कुणी विचारत नाही. डबा त्याला न्यायमूर्ती म्हणतो.

न्यायमूर्ती पन्नाशी ओलांडलेले, निवृत्तीला टेकलेले. खिशात प्लॅस्टिकच्या पाकिटात त्रैमासिक पास, बॅग पाठीवरून पोटावर घेतलेली. टीसी आला तर स्वतःचा पास काढण्याआधी शेजाऱ्याला विचारतात, ‘तुमचा आहे ना?’

ग्रुपची घटना त्यांनीच केलेली आहे, तीही तोंडी, म्हणजे दुरुस्तीला वाव राहतो. बदलापूरपासून बसलेल्याने ठाण्याला उठायचं आणि डोंबिवलीपासून उभा असलेल्याला बसवायचं, हे मुख्य कलम. वाऱ्याच्या तोंडची विंडो मे महिन्यात वयाने मोठ्याला, जुलैत धाकट्याला, कारण पावसात ते शटर शेवटची चार बोटं काही केल्या खाली येत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूचं तोरण लागतं, तेव्हा पेढ्यांची वाटणीही तेच करतात. बसलेल्यांना अर्धा, उभ्यांना अख्खा. ‘त्यांना झीज जास्त,’ असं कारणही देतात.

ठाणं जवळ आलं की खरं कोर्ट भरतं. मुंब्र्याचा डोंगर दिसला रे दिसला की बसलेल्यांपैकी एकाला नेमकी झोप लागते. मान खिडकीला, हात बॅगेवर, डोळे घट्ट. न्यायमूर्ती पुढे वाकून निरखतात. मग उभ्या असलेल्या फिर्यादीला हळूच सांगतात, ‘खरी झोप असती तर तोंड उघडं असतं.’ हे ऐकताच आरोपीचं तोंड सावकाश उघडतं. न्यायमूर्ती म्हणतात, ‘उठा.’

एकदा एकजण पायाला क्रेप बँडेज बांधून आला आणि तीन दिवस ठाण्याला उठला नाही. चौथ्या दिवशी न्यायमूर्तींनी सगळ्यांदेखत विचारलं, ‘काल डावा होता ना?’ पुढची तारीख पडलीच नाही. बँडेज दादरला उतरलं ते कायमचं.

त्यांचा खरा राग ‘रिटर्न’वाल्यांवर. अंबरनाथ, उल्हासनगरचे लोक आधी उलटे बदलापूरला येतात आणि तीच गाडी परत निघते तेव्हा आरामात बसून जातात. बदलापूरकर फलाटावर उभा आणि उल्हासनगरकर आत विंडोला! या खटल्याचा निकाल आजतागायत लागलेला नाही. पास तिथपर्यंतचा असेल तर कायदा रिटर्नवाल्याच्या बाजूने आहे, आणि हीच गोष्ट न्यायमूर्तींना सहन होत नाही. त्यामुळे रिटर्नवाल्याला पेढा मिळतो, पण शेवटी आणि फुटलेला.

मात्र ही न्यायबुद्धी ग्रुपच्या चार बाकांपुरतीच चालते, हे सांगायलाच हवं. कळव्याचा माणूस त्यांच्या घटनेत नागरिकच नाही. कळव्याला फास्ट थांबत नाही. तो बिचारा ठाण्याला येऊन कसाबसा आत शिरतो आणि कुर्ल्यापर्यंत एका पायावर उभा राहतो. त्याने ‘दादा, जरा सरकता का?’ म्हटलं की न्यायमूर्ती छताच्या पंख्याकडे बघतात. एसी लोकलच्या वेळीही हाच दुजाभाव दिसला. २०२२ साली तिचं एकेरी तिकीट निम्म्यावर आलं, पासाला मात्र ती सवलत नव्हती. ‘पाहुण्याला सूट आणि घरच्याला दंड!’ हे त्यांचं वाक्य तेव्हा डबाभर गाजलं, आणि ते रास्तच होतं. त्याच ऑगस्टात साध्या गाड्यांच्या जागी एसी आल्या म्हणून कळव्याला लोक रुळांवर उतरले, बदलापूरलाही निदर्शनं झाली, आणि वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या रेल्वेला मागे घ्याव्या लागल्या. मागणी एकच. पण न्यायमूर्तींच्या निकालपत्रात बदलापूरचं ते आंदोलन आणि कळव्याची ती बेशिस्त!

एका चौरस मीटरात चौदा-सोळा माणसं उभी राहिली की रेल्वे त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणते. न्यायमूर्ती म्हणतात, ‘आज जरा बरी आहे.’ हे सोसणं नव्हे, त्यांना ते खरंच बरं वाटतं. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिलीय, ती ते डोंबिवली आणि ठाण्याच्या मध्ये, वादाच्या ऐन भरात पाण्याशिवाय गिळतात, आणि घाटकोपरला चेहरा टवटवीत असतो. सुट्टीच्या दिवशी कामासाठी जावं लागलं आणि गाडी रिकामी मिळाली, तर त्यांच्याकडे बघवत नाही. तिघांच्या बाकावर एकटेच, खिडकी उघडी, वारा भरपूर, समोरचं बाक मोकळं. दिव्याला ते उठतात आणि उगाच दाराशी जाऊन उभे राहतात.

तरीही माझं मत त्यांच्याच बाजूने आहे. त्यांच्या बाकांवर आजवर हाणामारी झालेली नाही आणि डोंबिवलीच्या माणसाला ठाण्यापासून दादरपर्यंत पाठ टेकायला मिळते. एवढं रेल्वेच्या कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेलं नाही. तुम्ही कधी सकाळी त्या डब्यात चढलात, तर बसलेल्याला फक्त ‘कुठे?’ विचारा आणि गप्प उभे राहा. ‘का?’ मात्र विचारू नका. सुनावणी सीएसएमटीपर्यंत चालेल आणि बसायला मिळणार नाही ते नाहीच.