बगग्रस्त पत्त्यांबाबत करावयाची कार्यवाही

ऑनलाइन पत्त्यांची स्पर्धा भरवू इच्छिणाऱ्या सज्जनाने आधी एक गोष्ट मान्य करावी: इथला पंच ठार बहिरा असतो. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ साली कागदी पत्त्यांवर सुरू झाला आणि २००२ साली ‘मॅजिक ऑनलाइन’ म्हणून संगणकावर आला. कागदावर खेळताना गफलत झाली की हात वर करायचा. पंच येतो, पत्ता वाचतो, नियम काढून बघतो, वेळप्रसंगी डाव दोन चाली मागेही नेतो. ऑनलाइन खेळात तशी सोय नाही. पत्त्यावर तीन डॅमेज लिहिलेले असताना प्रोग्रॅमने चार दिले, तर चार. अपील फेटाळले.

यात केवळ प्रोग्रॅमरांचा आळस बघू नये. या खेळाचा सुवर्णनियमच असा की, नियम आणि पत्त्यावरचा मजकूर यांत विरोध आला तर पत्त्याचे खरे मानावे. म्हणजे हजारो पत्ते, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या नियमाला अपवाद मागत उभा. २०१९ साली तीन अभ्यासकांनी एक शोधनिबंध लिहून दाखवून दिले की या पत्त्यांतून चक्क ट्युरिंग यंत्र, म्हणजे संगणकाचा तात्त्विक नमुना, उभे करता येते. पुढची प्रत्येक चाल सक्तीची असली, तरी निकाल काय लागणार हे दर वेळी हमखास सांगणारी रीत असूच शकत नाही, इथपर्यंत हे प्रकरण जाते. हा निबंध प्रोग्रॅमरांनी फ्रेम करून टेबलावर ठेवायला हरकत नाही.

शिवाय कागद तरी कुठे धुतल्या तांदळाचा? २०१७ च्या ‘इक्सलान’ संचातल्या ‘होस्टेज टेकर’ या पळवापळवी करणाऱ्या पत्त्यावर ‘दुसऱ्या’ हा एक शब्द छापायचा राहून गेला. परिणामी मैदानात दुसरे कोणी नसले तर हा अपहरणकर्ता स्वतःलाच पळवून नेणार, लगेच सुटणार, पुन्हा स्वतःला पळवणार, आणि डाव अनंतकाळ अडकून बरोबरीत सुटणार. कंपनीने शुद्धिपत्रक काढले, सगळ्यांनी तो शब्द तिथे आहे असे समजून खेळायचे ठरवले, विषय संपला. असे समजुतीने घेणे हे काम माणसांचे. प्रोग्रॅमला दुरुस्तीच हवी असते, आणि ती येईपर्यंत आयोजकाच्या नशिबी बगग्रस्त पत्त्यांची यादी असते.

यादी कशी करावी, हे ‘पेनी ड्रेडफुल’ खेळणाऱ्यांकडून शिकावे. हा ‘मॅजिक ऑनलाइन’वर खेळाडूंनीच चालवलेला काटकसरी प्रकार आहे. त्यात बाजारात एक-दोन सेंटला मिळणारेच पत्ते चालतात. पत्ते असे चिल्लर भावाचे, पण बगांची नोंद मात्र तलाठ्याने हेवा करावा अशी: कोणता बग वापरणाऱ्याच्या फायद्याचा, कोणता तोट्याचा, कोणता नुसता दिसण्यापुरता, कोणता काळजी घेतल्यास टळणारा, आणि कोणता डावच मोडणारा. आयोजकाने ही वर्गवारी उचलून पुढे फक्त निकाल लिहावेत. फायद्याचा आणि डाव मोडणारा पत्ता स्पर्धेतून बाद. दिसण्यापुरता बग असेल तर डोळे मिटून खेळावे. तोट्याचा असेल तर ज्याचा पत्ता त्याची जोखीम.

शेवटच्या कलमावर मात्र सही करण्याआधी ‘डोनेट’ हा १९९९ सालचा पत्ता आठवावा. आपल्या ताब्यातली वस्तू समोरच्याच्या गळ्यात बांधणे एवढेच त्याचे काम. ‘इल्यूजन्स ऑफ ग्रँजर’ हा पत्ता येताना वीस गुण आयुष्य देतो आणि जाताना वीस घेऊन जातो. खेळाडू येतानाचे वीस स्वतः घेत आणि जातानाचा हिशेब ‘डोनेट’ने प्रतिस्पर्ध्याच्या नावावर करत, मोडका फ्रिज मोठ्या प्रेमाने धाकट्या भावाच्या घरी पोचवावा तसे. या जोडीवर उभा असलेला डेक पुढे मोठ्या स्पर्धांतून गाजला. तेव्हा तोट्याचा बगही दान करता येत असेल तर तो फायद्याचाच धरावा.

यादीत नसलेला बग भर सामन्यात उगवला, तर पहिल्यांदा त्याचा लाभ ज्याला झाला त्याला चोर ठरवू नये. त्यालाही बातमी त्याच क्षणी कळलेली असते. त्याने चॅटमध्ये तसे सांगावे, दोघांनी डावाची नोंद जपून ठेवावी, आणि निकाल त्या बगामुळेच फिरला असेल तर तेवढा डाव पुन्हा खेळावा. दुसऱ्यांदा तोच पत्ता तितक्याच निरागसपणे पडला, तर निरागसपणा संपला असे समजावे. ‘मला वाटलं आतापर्यंत दुरुस्त झालं असेल’ हे उत्तर ऐकून घ्यावे, पण लिहून घेऊ नये.

वेळेचा प्रश्न वेगळा. ‘मॅजिक ऑनलाइन’वर प्रत्येकाच्या नावे बुद्धिबळासारखे घड्याळ असते, सामन्याला साधारण पंचवीस मिनिटांचे. चाळीस फुकटचे क्लिक मागणारा बग एकही गुण न घेता सामना खाऊन टाकतो, म्हणून त्याची नोंद ‘दिसण्यापुरता’मध्ये करू नये. उलट, प्रोग्रॅममध्ये तसूभर चूक नसतानाही पत्ता छळू शकतो. ‘नेक्सस ऑफ फेट’ जास्तीची पाळी देतो आणि स्वतः डेकमध्ये परत जातो. ‘मॅजिक अरेना’ या याच खेळाच्या दुसऱ्या ऑनलाइन आवृत्तीवर काही जण जिंकण्याची तसदी न घेता पाळ्यांवर पाळ्या घेत बसले. कागदी स्पर्धेत पंचाने दोन मिनिटांत ‘पुढे काय करणार ते सांगा’ म्हटले असते. तिथे म्हणणारे कोणी नव्हते. अखेर फेब्रुवारी २०१९ मध्ये एका डावाच्या सामन्यांपुरती त्यावर बंदी आली, तीन डावांच्या सामन्यांत तो तसाच राहिला.

राहता राहिला तो प्रसंग: दुसरी फेरी चालू असताना दुरुस्ती येते, आणि बाद पत्त्याचा मालक पुरावा घेऊन हजर होतो. त्याचे अभिनंदन करावे, पत्ता मात्र स्पर्धा संपेपर्यंत बादच ठेवावा. बाकीच्यांनी त्या पत्त्याविना डेक बांधून डेकयाद्या दिलेल्या असतात, आणि कालच्या दुरुस्तीने आज नवा बग आणला नाही हे अजून कोणी तपासलेले नसते. मालक तावातावाने वाद घालू लागल्यास पुढच्या स्पर्धेची बगयादी ठेवण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे.