कलम ७७, हा हिशेब कोणाचा?

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम ७७ यांस,

उमेदवाराच्या खर्चाचे राखणदार म्हणून तुमची नेमणूक झाली आणि पहारा तुम्ही अर्ज भरल्याच्या दिवशी सुरू करता, निकाल लागला की आटोपता. त्याआधीचे फलक, मेळावे, जेवणावळी तुम्ही बघत नाही.

२०२४च्या लोकसभेला आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात महायुतीचा उमेदवार कोण, हे कळायला १८ एप्रिल उजाडला. इच्छुक किरण सामंतांनी दावा सोडला, नारायण राणे यांचे नाव जाहीर झाले, अर्जाची मुदत १९ला संपली आणि ७ मे रोजी मतदान झाले. अर्ज भरेपर्यंत इच्छुकांपैकी कोणीही कितीही पैसा ओतला असता, तरी तुमच्या वहीत एक रुपया चढला नसता.

रामटेकला त्याच निवडणुकीत रश्मी बर्वे यांचा अर्ज जातवैधतेवरून बाद झाला, पती श्यामकुमार बर्वे काँग्रेसचे उमेदवार झाले आणि जिंकले. पक्ष तोच, चिन्ह तेच. पण तुमची ९५ लाखांची मर्यादा माणसाला लागते, प्रचाराला नाही. उमेदवाराने स्वतः, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने केलेलाच खर्च तुम्ही धरता. माणूस बदलला की वही कोरी!

अमेरिकेत २१ जुलै २०२४ला बायडन यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीतून माघार घेतली, तेव्हा त्यांच्या प्रचार समितीकडचे सुमारे साडेनऊ कोटी डॉलर कमला हॅरिस यांच्याकडे गेले. ट्रम्प यांच्या बाजूने लगेच तक्रार झाली. रक्कम जाहीर होती, म्हणून भांडता तरी आले. आम्ही कशावर भांडायचे?

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७४मध्ये पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरायला सांगितले होते. त्याच महिन्यात वटहुकूम आला आणि तुमच्या पोटात एक स्पष्टीकरण घुसवून तो निकाल निष्प्रभ केला गेला. पुढे २००३मध्ये ते बदलले, पण पक्षाच्या खर्चाला आजही कमाल मर्यादा नाही. त्या वटहुकुमाच्या दिवसापासून तुम्ही गुन्ह्यात सामील आहात.

मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढले की वाटे सगळ्यांसमोर पडतात, दोरीला हात लावणारा प्रत्येकजण मोजला जातो. तुमच्याकडेही तेवढेच मागतो. पहिला फलक लागल्यापासून प्रत्येक मतदारसंघात पक्षाच्या नावाने एकच वही उघडा आणि उमेदवार बदलला तर तीच वही पुढच्याच्या हाती द्या. तोवर निकालानंतर तीस दिवसांत सादर होणारा हिशेब आम्ही खरा मानणार नाही.

मालवणचा एक मतदार