आणखी शंभर फूट

गेल्या महिन्यात आमच्या चुलत्यांनी बांधाला लागून बोअर मारलं. पाचशे फुटांवर दोन इंची पाणी लागलं. गुलाल उधळला, पेढे वाटले. आम्हीही एक खाल्ला. आठव्या दिवशी आमचं तीनशे फुटांचं बोअर उचक्या देऊ लागलं. आता प्रश्न पाण्याचा उरला नव्हता, इभ्रतीचा होता.

पाणाडी बोलावला. तळहातावर नारळ आडवा धरून त्यानं सगळं रान पालथं घातलं, आणि नारळ उभा राहिला तो नेमका चुलत्यांच्या बोअरपासून वीस पावलांवर. भाऊबंदकी नारळालाही कळते. रात्रभर गाडीची घरघर, घरात-दारात फुफाटा, सहाशे फूट! दीड इंची लागलं. चुलत्यांचं आटलं. पाणी तेच, नुसतं घर बदलून आलं. चुलते आता सातशेला निघालेत. दोघांचंही कर्ज एकाच सोसायटीचं, त्यामुळे तिथं रांगेत भेट होते.

कायदा आमच्या बाजूनं आहे. 1882 सालच्या सुखाधिकार कायद्यापासून ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी. पाणी मात्र सातबारा न बघताच बांध ओलांडतं. पुढे राज्याचा 2009 चा भूजल कायदा आला. अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल जायचं नाही म्हणे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. तेवढ्यावर आमच्याकडे गाडीवाला चहाला थांबतो. शिवाय 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या मोटरीला वीजबिल नाही. मोटर बंद करायला उठावं तरी कशाला?

त्याच 2009 साली एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सामायिक कुरण म्हटलं की ते उजाड होणारच, असं गॅरेट हार्डिन 1968 मध्ये लिहून गेले होते. बाईंनी त्याच्याही आधी, 1965 च्या प्रबंधात, लॉस एंजेलिसजवळच्या विहिरी पाहिल्या होत्या. तिथं उपसा इतका, की समुद्राचं खारं पाणी जमिनीत शिरू लागलं. कोर्टकचेरी झाली, पण अखेर उपसणारेच एकत्र बसले आणि प्रत्येकानं आपला उपसा कमी केला. एकत्र बसले! बाईंनी आमची ग्रामसभा पाहिलेली नसावी. ती कोरमअभावी तहकूब असते.

तसे आम्ही अडाणी नाही. हिवरे बाजारला तीनदा अभ्यासदौरा काढलाय. तिथं पाऊस मोजून पाण्याचं अंदाजपत्रक मांडतात. शेतीला बोअर नाही, ऊस नाही. फलकापुढे फोटो काढले, पिठलं-भाकरी झकास होती. परतीच्या जीपमध्ये चुलते म्हणाले, "लोकं भारी आहेत तिथली." मी मान डोलावली. मग दोघांनी आपापल्या मोबाइलवरून गाडीवाल्याला फोन लावला. त्याची लाइन बिझी होती, एकमेकांमुळे.

गाडी परवापर्यंत गावातच आहे. शेजाऱ्यानं अजून मारलं नसेल, तर आजच उरकून घ्या.